भिंगअण्णा

वजनमापे खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाचं पुढे काय होतं, याचा विचार सरकारने केलेला नाही. हयातभर त्याने दुसऱ्यांचे काटे तपासलेले असतात, रॉकेलवाल्यांच्या मापांची आत दाबलेली बुडं पकडलेली असतात. मग एका एकतीस तारखेला शाल-श्रीफळ देऊन त्याला अशा जगात सोडून देतात, जिथे भाजीवालाही त्याला घाबरत नाही. आमच्या पुण्यातल्या सोसायटीतले अण्णा काही वर्षं असेच उदास होते. निरोप समारंभात मिळालेलं भिंग खिशात घालून हिंडायचे आणि पाहुण्यांपुढे ठेवलेल्या बिस्किटांच्या पुड्यावरचं निव्वळ वजन वाचायचे. मग त्यांना नातू झाला.

नातवामागोमाग त्याचं सामान आलं, आणि सामानाला लेबलं होती.

बारशाच्या दिवशी पाळण्याच्या एका अंगाला बायका नाव ठेवत होत्या आणि दुसऱ्या अंगाला अण्णा आहेराच्या खोक्यांना नावं ठेवत होते. एका खोक्यात तेल, पावडर, साबण आणि शॅम्पू होता. बाहेर सोनेरी पुठ्ठा, आत पारदर्शक प्लॅस्टिकचा साचा, त्यावर सेलोफेन, त्यावर रिबीन. अण्णांनी स्वयंपाकघरातला काटा मागवला. एका पारड्याचा असल्यामुळे आधी माल, मग पॅकिंग असं दोनदा वजन केलं. पॅकिंग जड भरलं. "आता मला सांगा," त्यांनी शेजारी उभ्या गृहस्थांना विचारलं, "पोराच्या अंगाला तेल लावायचं की पुठ्ठा?" शेजारचे गृहस्थ सुनेचे मामा होते आणि खोकं त्यांनीच आणलं होतं.

बाटली दिसली की अण्णा ती आधी उलटी करतात. बुडाशी तीन बाणांचा त्रिकोण आणि त्यात आकडा असतो. आकड्यांची ही पद्धत अमेरिकेतल्या प्लॅस्टिक उत्पादकांच्या संघटनेने 1988 साली काढली. 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, दुधाच्या बाटल्या बहुतेक त्याच्याच. 7 म्हणजे 'इतर', म्हणजे त्यात काहीही असू शकतं. हे सगळं अण्णांना पाठ आहे. आमच्या मंडळींनी एकदा मोठ्या आनंदाने तो त्रिकोण दाखवला आणि विचारलं, "म्हणजे हे पुन्हा वापरात येणार ना?" अण्णा म्हणाले, "वहिनी, हे प्लॅस्टिकचं गोत्र आहे. गोत्र कळलं म्हणून लग्न जमलं असं होत नाही."

त्यांना दुकानात पाठवू नये, असा घरात ठराव झालेला आहे. तो झाला ओल्या वाइप्सच्या पाकिटावरून. पाकीट हिरवं, त्यावर एक टवटवीत पान आणि खाली 'नैसर्गिक'. अण्णांनी भिंग काढलं.

"हे पान कशाचं?"

"काका, ते डिझाईन आहे."

"म्हणजे आत पान नाही?"

"आत वाइप्स आहेत, काका."

"ते कशाचे? कापूस, व्हिस्कोस की पॉलिस्टर?"

दुकानातल्या पोराने पाकीट फिरवून फिरवून पाहिलं आणि म्हणाला, "नैसर्गिकचे आहेत."

"धोत्राही नैसर्गिकच असतो," अण्णा म्हणाले. मागे रांगेत कडेवर बाळं घेतलेल्या चार आया होत्या. त्यातल्या दोघींनी आपापली पाकिटं हळूच परत ठेवली. दुकानदाराने तेव्हापासून अण्णांच्या घरी सामान पोचवायची सोय केली, तीही फुकट.

मला त्यांचा एकच मुद्दा खरोखर पटतो. आपल्याकडे 1992 चा कायदा आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीच्या डब्यावर बाळाचा फोटो छापता येत नाही, आणि आईचं दूधच उत्तम हे मात्र ठळक छापावं लागतं. गुटगुटीत पोर पाहून आई फसू नये म्हणून हा बंदोबस्त. "बाळाच्या फोटोवर बंदी, पानाच्या फोटोला मोकळं रान!" असं अण्णा म्हणायचे. मग 2024 च्या ऑक्टोबरात केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ग्रीनवॉशिंगविरोधी मार्गदर्शक तत्त्वं काढली. 'ग्रीन', 'इको-फ्रेंडली', 'नैसर्गिक' असं नुसतं मोघम लिहून चालणार नाही, नेमकं काय आणि त्याला पुरावा काय ते सांगा, असा त्यांचा मथितार्थ. अण्णांनी त्या दिवशी सोसायटीत पेढे वाटले. पेढ्यांचं खोकंही तपासून घेतलेलं होतं.

त्यांची एक इच्छा मात्र अपुरी आहे. सरकारने 1991 साली 'इकोमार्क' काढला. पर्यावरणाला कमी त्रास देणाऱ्या साबण, कागद, रंग अशा वस्तूंवर लावायची खूण, आणि खुणेचं चित्र मातीच्या मडक्याचं. कल्पना इतकी आपल्या मातीतली, की कंपन्यांनी तिच्याकडे फारसं बघितलंच नाही. 2024 मध्ये नवे नियम करून तिला पुन्हा उभं केलंय. अण्णा बाळाच्या साबणावर अजून मडकं शोधताहेत. "मडकं हवं असेल तर कुंभारवाड्यात जा," असं अण्णांची बायको, म्हणजे आमच्या काकू, सांगून चुकल्या.

मध्यंतरी बाळाची झबली एका 'कंपोस्टेबल' पिशवीतून आली. अण्णांनी ती सोसायटीच्या खतखड्ड्यात पुरली आणि दर रविवारी उकरून भिंगाखाली पाहू लागले. माळ्याला वाटलं, म्हाताऱ्याने काही दागिने वगैरे लपवलेत, म्हणून तोही मधल्या वारी उकरायला लागला. इतकी उकराउकर झाल्यावर खड्ड्यातल्या खतालाही नीट कुजता येईना. पिशवी मात्र जशीच्या तशी. असल्या पिशव्यांची परीक्षा प्रयोगशाळेत जवळपास 58 अंशांवर घेतात. आमच्या खड्ड्याला तेवढा ताप कधी चढलेला नाही, तो अण्णांना चढला.

घरातली खरी लढाई लंगोट विरुद्ध डायपर. एक साडी फाडून किती लंगोट निघतात हे काकूंना डोळे मिटून सांगता येतं. पण सूनबाई घरूनच ऑफिस करतात. मीटिंगमध्ये चेहरा हसरा ठेवून टेबलाखाली लंगोट बदलता येत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्तच आहे. त्यांनी इंग्लंडच्या पर्यावरण संस्थेचा 2008 चा अहवाल अण्णांपुढे ठेवला. अडीच वर्षांत एका बाळाच्या फेकायच्या डायपरांपायी साधारण 550 किलो कार्बन डायऑक्साइड, आणि धुवायच्या लंगोटांपायी 570. "बघा बाबा, लंगोटच जास्त!"

अहवाल म्हणजे अण्णांच्या लेखी मोठ्या आकाराचं लेबल. त्यांनी भिंग लावलं आणि तासाभराने विजयी मुद्रेने बाहेर आले. मशीन पूर्ण भरून धुवा, दांडीवर वाळवा आणि तेच लंगोट दुसऱ्या बाळालाही वापरा, म्हणजे सुमारे 200 किलो वाचतात, असं त्याच अहवालात होतं. जेवताना त्यांनी दुसऱ्या बाळाचा विषय काढला, निव्वळ कार्बनच्या दृष्टीने. काकूंनी आमटीचा डाव हवेतच थांबवला. अण्णांनी उरलेला भात ताकाशी, मान खाली घालून संपवला.

दांडीचा विषय आषाढाने मिटवला. आठवडाभर ऊन नाही. गॅलरीत, दिवाणखान्यात, गणपतीच्या कोनाड्यावर लंगोटांच्या माळा, आणि घरभर कुबट वास. शेवटी अण्णा स्वतः इस्त्री घेऊन बसले. एक लंगोट वाळला की जिन्यात जाऊन विजेचा मीटर बघून यायचे. संध्याकाळी त्यांनीच सूनबाईंना सांगितलं, "रात्रीपुरते डायपर मागव." ते दहा मिनिटांत आले, हे त्यांना फार लागलं.

त्या पुड्यात त्यांनी एक गोष्ट शोधली आणि ती सापडली नाही. वापरलेला डायपर टाकायला प्रत्येक नगामागे पाकीट द्यावं, असं 2016 च्या घनकचरा नियमांत उत्पादकांना सांगितलं होतं. अण्णांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तरात आभार आले, आणि खाली एक हिरवं पान.

ते उत्तर त्यांनी कचरा न्यायला येणाऱ्या ताईंना वाचून दाखवलं. त्या 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेतल्या. हातातली बादली खाली न ठेवता त्या म्हणाल्या, "अण्णा, पुड्यावर काय लिवलंय त्ये र्‍हाऊ द्या. आत काय हाय त्येवढं आमाला कळू द्या." सुका कचरा वेगळा करताना कागदाच्या बोळ्यात हात घालायचा आणि आत दुसऱ्याच्या पोराची घाण निघायची, हे त्यांचं रोजचं. म्हणून तर 'स्वच्छ'ने लोकांना सांगितलं, की डायपर, पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळा आणि त्यावर लाल ठिपका काढा.

हयातभर लेबलं वाचलेल्या माणसाला पहिल्यांदाच एक लेबल लिहायला मिळालं. अण्णा आता रोज सकाळी लाल स्केचपेन घेऊन बसतात. ठिपका पुड्याच्या मधोमध आणि चारही बाजूंना. आपल्या घरचं आटोपलं की साडेसात वाजता ते खाली कचऱ्याच्या डब्यांपाशी उभे राहतात, भिंग घेऊन. तेव्हा आमच्या इमारतीत कुणी नवं राहायला येणार असेल आणि घरात तान्हं मूल असेल, तर एवढं कराच. डायपर कागदात गुंडाळा, ठिपका ठसठशीत काढा, आणि जमलं तर पावणेआठनंतर खाली या.