क्लॅशचं गाणं आणि कतारगामची पापडी

'द क्लॅश' या पंक बँडचं सर्वांत भारी गाणं कोणतं, या प्रश्नावर सुरतेच्या कतारगामात अंतिम अधिकार माझा. हा अधिकार मला कोणी दिला नाही, पण त्यासाठी दुसऱ्या कोणाचा अर्जही आला नाही, म्हणून तो बिनविरोध माझ्याकडे चालत आला. कतारगाम दरवाज्यापासून गजेरा सर्कलपर्यंत कोणालाही विचारा, जो स्ट्रमर कुठे भेटेल? बँडच्या या गायकाला हिऱ्यातला दलाल समजून लोक ऑफिसचा मजला सांगतील, आणि 'पण सध्या मंदी आहे, भेटतील असं वाटत नाही' हेही सांगतील.

माझं उत्तर ठरलेलं आहे. 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले', १९७८. त्यासाठी माझ्याकडे मुद्दे भरपूर आहेत. पंकवाल्यांनी आपल्याच वेगाला लगाम घालून रेगेचा ठेका धरलाय. एक गोरा पोरगा मोठ्या आशेनं रेगेच्या रात्रीला जातो, तिथे बंडाऐवजी चकचकीत करमणूक बघून हिरमुसतो, आणि मग आपल्याच बिरादरीतल्या सूट शिवून प्रसिद्धीच्या रांगेत लागलेल्या बँडांना झोडतो. हे सगळं मी सांगतो. खरं कारण एवढंच की हे उत्तर सहसा कोणी देत नाही. 'लंडन कॉलिंग' म्हणणं म्हणजे सुरतेहून परत आल्यावर 'घारी छान होती' असं सांगणं. त्यात खोटं काही नाही, पण सांगणाऱ्याची अशी काय शान राहिली?

शिवाय त्या गोऱ्या पोराची अवस्था मला आतून कळते. आमच्या सोसायटीच्या गरब्यात मी एकटा मराठी. तिकडे लिंबायत, उधन्याला आमचे खानदेशी लाखोंनी आहेत, पण कतारगामच्या आमच्या गल्लीत नवरात्रीला टाळी नेमकी एक ठोका उशिरा पडली की सगळे न बघताच ओळखतात. आता या गाण्यात गरबा कुठे आहे, असं मला विचारू नये.

तर आमची बैठक रविवारी, हिवाळ्यात गच्चीवर. मी, माझा भाचा, खालच्या दुकानातले मेडिकलवाले काका आणि वरच्या मजल्यावरचा असॉर्टर. हा असॉर्टर 'नंदू डोशीनी वाडी'च्या बाजूला हिऱ्याच्या कारखान्यात बसतो. घंटीवर घासून आलेला माल पांढऱ्या कागदावर ओतायचा, चिमट्यानं एकेक नंग उचलायचा, आयग्लास डोळ्याला लावायची आणि आतला डाग शोधायचा, हा त्याचा जन्माचा धंदा. त्याला इंग्रजी येत नाही. क्लॅश त्याला मीच ऐकवला, अर्थही मीच सांगितला, म्हणजे रीतसर तो माझा शिष्य. तो गाणं ऐकतानासुद्धा डावा डोळा मिटतो. गाणं संपलं की दोन क्षण थांबतो आणि हिऱ्याची ग्रेड सांगतो.

'ट्रेन इन व्हेन'? "व्हीव्हीएस-वन." मी लगेच माहिती पुरवली की हे गाणं 'लंडन कॉलिंग' अल्बमच्या पहिल्या कव्हरवर छापलेलंच नव्हतं, शेवटच्या घटकेला आत घेतलं. माझ्या कॉलेजातल्या कॅसेटवरही त्याचं नाव नव्हतं, पण ती कॅसेट पुण्यात एकाच्या टेपवरून दुसऱ्याच्या टेपवर भरलेली होती, तेव्हा तो भाग मी सांगत नाही. असॉर्टर म्हणाला, "नाव नसलं म्हणून काय झालं? हिऱ्यावर कुठे नाव असतं?"

'आय फॉट द लॉ' लागलं तेव्हा मला वाटलं, आता गुरू कोण ते दाखवू. म्हटलं, हे यांचं नाहीच. सॉनी कर्टिसनं लिहिलेलं, बॉबी फुलर फोरनं साठच्या दशकात गाजवलेलं. बाद करा.

"रफ दुसऱ्याचा, पॉलिश यांचं," असॉर्टर म्हणाला. "मग? सुरतेत कुठे खाणी आहेत, भाई?"

यावर मी काय बोलणार? आख्खं कतारगाम दुसऱ्याच्या रफवर उभं आहे.

'रॉक द कसबा'ला त्यानं "फॅन्सी कट, बाजारात चालतो" म्हणून बाजूला ठेवलं. या गाण्याची चाल ड्रमर टॉपर हेडनची. पियानो त्याचा, बास त्याचा, ड्रम्स तर त्याचेच. आणि १९८२ साली गाणं बाजारात आलं तोवर हेरॉइनच्या नादापायी त्याला बँडमधून काढलेलं होतं. व्हिडिओत ड्रम्सवर दुसराच माणूस दिसतो. हे ऐकून असॉर्टरनं ग्रेड बदलली नाही, पण गाणं परत एकदा लावायला सांगितलं.

भाच्याचं मत 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो'. कारण त्यानं ते 'स्ट्रेंजर थिंग्ज'मध्ये ऐकलं. "मामा, तुम्ही शोधून आणता, आम्हाला आपोआप मिळतं," असं तो म्हणतो आणि हे त्याला कौतुक वाटतं. मी त्याला सुनावलं की ब्रिटनमध्ये हे गाणं पहिल्या नंबरवर गेलं ते १९९१ साली, जीन्सच्या जाहिरातीमुळे. तोवर बँड फुटून पाच वर्षं झाली होती, आणि क्लॅशचं तिथलं पहिल्या नंबरचं गाणं हे एवढंच. तो म्हणाला, "म्हणजे जनतेचा कौल!" मग मी 'स्ट्रेट टू हेल' लावलं. पहिले चार ठोके पडताच तो ओरडला, "हे तर 'स्लमडॉग'मधलं!" 'स्लमडॉग'मधलं नाही रे बाबा. एम.आय.ए.नं 'पेपर प्लेन्स'मध्ये उचललेलं, आणि तिथून ते 'स्लमडॉग मिलियनेर'मध्ये गेलेलं. भाच्यानं सगळं ऐकून घेतलं आणि मोबाईलवर 'पेपर प्लेन्स' लावलं.

ठेवणीतलं अस्त्र म्हणून मी लखनौ काढतो. जो स्ट्रमरचा जन्म अंकाराचा, पण त्याचे वडील लखनौला जन्मलेले. हे मी अशा थाटात सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, हा त्या बारशाला जेवून आलाय.

आता पापडी. बैठक हिवाळ्यात म्हटल्यावर समोर निवडायच्या पापडीच्या शेंगांची परात असणारच. बायकोचा दंडक आहे, "तोंड चालवायचं तर हातही चालवा." आणि कतारगामात राहून पापडीबद्दल न लिहिणं मला जमणार नाही, मग क्लॅश थोडा वेळ थांबला तरी हरकत नाही. सुरती उंधियूत कतारगामची पापडीच पडली पाहिजे, हे सुरतेत वादातीत आहे. कोवळी, दाणे भरलेली, शीर ओढली की सुतासारखी निघणारी. हिरवी लसूण, ओलं खोबरं, कोथिंबीर, कंद, छोटे बटाटे, रवैया, मेथीची मुठियां, हे सगळं खरं. पण पापडी चुकली तर उरलेल्यांनी कितीही जीव टाकला तरी उपयोग नाही. उत्तरायणाच्या आधी तिचा भाव असा चढतो की त्या आठवड्यात पतंग परवडतो. आम्ही खानदेशी, भाजीत साखर म्हटलं की आमच्या भुवया वर जातात. उंधियूपुढे मात्र मी भुवया खाली घेतल्या आणि वाटी पुढे केली. रायगडवाले म्हणतील आमची पोपटी बघा, वलसाडवाले म्हणतील आमचं उंबाडियुं बघा. बघतो. दोन्ही बघतो, दोन्ही खातो आणि परत येऊन कतारगामच म्हणतो.

गंमत अशी की ज्या वाड्यांमध्ये ही पापडी होत असे तिथे आता कारखाने आहेत, जीआयडीसी आहे, आमची सोसायटी आहे. माझ्या बेडरूमच्या खाली कोणाचा तरी पापडीचा वाफा असणार. तरी बाजारात भाजीवाली "कतारगामनी पापडी!" असंच ओरडते आणि गिऱ्हाईक मान डोलावून घेतं. माल आसपासच्या गावांतून येतो, नाव कतारगामचं लागतं. अमळनेरहून, नंदुरबारहून नातेवाईक फोन करतात, "तू तर तिथेच राहतोस, पाठव की." मी बाजारातून आणतो, ताप्ती लाइनच्या गाडीनं येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवतो आणि कौतुक असं स्वीकारतो की बी मीच टाकलं होतं. मेडिकलवाले काका अस्सल सुरती. ते एक शेंग दाताखाली धरतात आणि "आ कतारगामनी नथी" म्हणतात. दर वेळी. कतारगामची कशी होती हे आता फक्त त्यांच्या दाताला माहीत, तेव्हा अपिलाची सोय नाही.

काकांचं मत 'लंडन कॉलिंग'. यात दोष माझा, कारण ते गाणं पुराबद्दल आहे असं मी बोलून गेलो. खरं तर त्यात बरंच आहे. १९७९ साली अमेरिकेत थ्री माइल आयलंडला अणुभट्टीत अपघात झाला, त्याची धास्ती आहे. पण टेम्सला पूर येऊन लंडन बुडेल ही भीतीही आहे. काकांनी पहिलाच प्रश्न केला, "पाणी किती फूट?" म्हटलं, काका, आलंच नाही, फक्त भीती. काका हसले. २००६च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापीनं सुरत बुडवली, तेव्हा त्यांच्या दुकानात गोळ्यांच्या पट्ट्या तरंगत होत्या. काकू वरून ओरडत होत्या की आधी गल्ला घ्या, आणि काका इन्सुलिनचा डबा डोक्यावर धरून जिना चढत होते. हे त्यांनी शेंगा निवडता निवडता सांगितलं. "न येता एवढं गाणं केलं, आलं असतं तर काय केलं असतं?" म्हणाले. तेव्हापासून त्यांचं मत कायम आहे आणि मी हॅमरस्मिथचा विषय काढला की ते रक्तदाब मोजायचं यंत्र आणतात.

यांच्याशी मी भांडतो, पण माझा खरा राग आहे तो चौथ्या-पाचव्या मजल्यावरच्या सज्जनांवर. कपडे वाळत घालायला गच्चीवर येतात, दोन मिनिटं ऐकतात आणि "अहो, सगळीच छान आहेत, ज्याची त्याची आवड" म्हणून बादली घेऊन खाली जातात. ज्याची त्याची आवड! अरे, पापडी घेताना म्हणता का असं? मुलीला स्थळ बघताना म्हणता का? ज्या गोष्टीनं आपलं काही बिघडत नाही तिथेच माणूस असा उदार होतो. सगळीच छान म्हणणाऱ्यानं एकही नीट ऐकलेलं नसतं, अशी माझी खात्री आहे आणि ही खात्री मी बदलणार नाही.

असॉर्टरनं स्वतःचं मत मात्र बरेच दिवस दिलं नव्हतं. ग्रेड सगळ्यांना द्यायचा, पण 'माझं कुठलं' हे बोलायचा नाही. मग रशियाच्या रफची अडचण, लॅबमधल्या हिऱ्यांनी पाडलेले भाव हे सगळं चालूच होतं, त्यात २०२५च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेनं पन्नास टक्के टॅरिफ लावला. त्याच्या कारखान्यानं शनिवारचीही सुट्टी दिली. सुट्टी म्हणायचं, पगार कापून घ्यायचा. दिवाळीची रजा लांबली. बाजूच्या बिल्डिंगमधले दोन घंटीवाले बिऱ्हाड घेऊन अमरेलीकडे गेले, शाळेत वर्षाच्या मधेच पोरांचे दाखले निघाले. अशाच एका रविवारी मी 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' लावलं. १९७७ सालचं, दोन मिनिटांच्या आत संपणारं. अर्थ सांगितला. पोरांना कामं आहेत म्हणतात, पण ती अशी की कोणी मनापासून करू नयेत. गिटारवाला मिक जोन्स सरकारी कचेरीत टपाल फोडायला होता. पाकिटातून बाँब येण्याचे ते दिवस, आणि पाकिटं उघडायला बसवलं कोणाला, तर सर्वांत खालच्या कारकुनाला.

असॉर्टरनं डावा डोळा मिटलेलाच ठेवला. मग म्हणाला, "भाई, आ मारुं."

"ग्रेड?"

"आपल्या मालाला ग्रेड आपण द्यायची नसते."

माझ्या जिभेवर मुद्दा तयार होता. चाल साधी, तीन कॉर्ड, पहिल्याच अल्बममधलं कच्चं गाणं, हॅमरस्मिथपुढे काहीच नाही. तो मी गिळला आणि परातीतली पापडी निवडायला घेतली. काका म्हणाले, "ही पण कतारगामची नाही."

पुढच्या शनिवारी सकाळीच दारात असॉर्टर. "अजून माल आहे?" मी त्याला 'सँडिनिस्टा!' दिला. १९८०चा, तीन रेकॉर्डी, छत्तीस गाणी, आणि किंमत एका रेकॉर्डीची. त्यासाठी बँडनं ब्रिटनमध्ये पहिल्या दोन लाख प्रतींवरची रॉयल्टी सोडली, असं सांगितल्यावर त्याच्यातला कारखान्याचा माणूस जागा झाला: "शेठ गांडो थई गयो'तो?" पण घेऊन गेला. आठवड्यानं परत आला तो हिरे ज्यात ठेवतात तशी कागदाची पडीकी घेऊन. छत्तीस पडीकी, घड्या अगदी धारदार, प्रत्येकावर गुजरातीत गाण्याचं नाव आणि ग्रेड, जिथे कॅरटचं वजन लिहितात तिथे मिनिटं. आत काही नाही. बऱ्याच पडीक्यांवर 'रिजेक्शन' आहे आणि तिथे माझा त्याचा फारसा वाद नाही, सहा बाजू म्हणजे माणसाची परीक्षाच असते.

भांडण लागलं सहाव्या बाजूवर. तिथे 'करिअर ऑपॉर्च्युनिटीज' परत आहे, पण बँडबरोबर कीबोर्ड वाजवणाऱ्या मिकी गॅलघरच्या दोन लहान पोरांच्या आवाजात. मी म्हटलं, ही भरती आहे, जागा भरायला टाकलेली. त्यानं पडीकुं पुढे केलं: व्हीएस-वन.

"हे व्हीएस-वन? पोरखेळ आहे तो!"

"री-पॉलिश आहे, भाई. वजन घटतंच. पण डाग निघाला."

"कुठला डाग?"

"मोठी माणसं गातात तेव्हा राग असतो ना, तो. पोरांना अजून माहीत नाही." मग खिशातून अजून एक पडीकुं काढलं. छत्तिसांच्या बाहेरचं, सदतिसावं. त्यावर 'हॅमरस्मिथ' लिहिलेलं. "तुमचाही परत तपासला. एसआय-टू दिला होता, तो आता उतरून आय-वन."

"का पण?"

"आत बोलणं फार आहे. आयग्लास नसली तरी दिसतं."

मी जीआयएचं सर्टिफिकेट मागितलं आहे.