दोन हातांवरचा मासा

गळ टाकणारा माणूस म्हटलं की काठी डोक्यामागे नेऊन सपकन पुढे झोकणारा आणि दूर पाण्यात बारीकसा ‘डुबुक’ ऐकून खूश होणारा गृहस्थ डोळ्यांपुढे येतो. लांब फेकण्यात एक रुबाब असतो. लार्जमाउथ बास या अमेरिकी माशाला त्याचं काडीचंही कौतुक नाही. तो काठालगतच्या दाट लव्हाळ्यात, पाण्यात आडव्या झालेल्या झाडाच्या फांद्यांत, लाकडी धक्क्याच्या सावलीत दबा धरून बसतो आणि घास समोरून गेला की जबडा वासतो. तिथे लांबून गळ टाकला तर तो बहुधा फांदीलाच लागतो. चुकून मासा लागलाच, तर तो बाहेर येईपर्यंत दोरीने त्या झाडाशी संसार थाटलेला असतो.

यावर उपाय शोधला उत्तर कॅलिफोर्नियाच्या डी थॉमसने. तिकडच्या टूली नावाच्या उंच लव्हाळ्यात तो बारा फुटांच्या आसपासची काठी घेऊन आमिष अलगद वरून बुडवायचा, आणि मासे काढायचा. स्पर्धेतल्या इतरांना हे अर्थातच अन्यायाचं वाटलं. काठीच्या लांबीवर मर्यादा आली. थॉमसने मग साडेसात फुटी काठीवर तेच साधलं, आणि 1975मध्ये आर्कान्सातल्या बुल शोल्सची स्पर्धा जिंकून दाखवली. नियमाने माणूस अडतो असं नाही, कधीकधी तो सुधारतोच.

या पद्धतीला फ्लिपिंग म्हणतात. रीळ जवळजवळ वापरतच नाहीत. मोकळ्या हाताने रिळापुढची दोरी ओढून धरायची, काठीच्या टोकाला लोंबणारं आमिष मागेपुढे झुलू द्यायचं, आणि झोका पुढे गेला की हातातली दोरी सोडत जायची. पाळण्याची दोरी ओढणाऱ्या आजीला हे शिकवावं लागलं नसतं. अंतर थोडं जास्त असेल तर पिचिंग: आमिष हातात धरून काठीच्या झटक्यासरशी सोडायचं, ते पाण्याला लागून-न लागून सरकत जातं आणि अंगठा रिळावर दाबून हलकेच टेकवायचं. टेकताना आवाज होता कामा नये, सारी मेख इथे आहे. बऱ्याचदा मासा आमिष खाली बुडत असतानाच तोंड घालतो. हाताला झटका बसेलच असं नाही, दोरी नुसती बाजूला सरकते. तिकडे नजर नसेल तर संपलं.

कॅलिफोर्नियातच, स्टॉक्टनला राहणारा माझा भाचा याचा सराव दिवाणखान्यात करतो. गालिच्यावर चहाचा मग ठेवतो आणि सोफ्यामागून त्यात जिग नावाचं वजनदार आमिष सोडतो, हूक काढलेलं. त्याची आई मग उचलून नेते, तो दुसरा आणतो. या घरातला सुसंवाद एवढाच.

पवना-इंद्रायणीवर जिच्या नावाने आपण बोटं मोडतो, ती जलपर्णी भाच्याच्या स्टॉक्टनजवळच्या नदीमुखाच्या डेल्टातही माजली आहे. तिथलं सरकारही फवारे घेऊन तिच्या मागे असतं. भाचा मात्र तिच्याकडे प्रेमाने बघतो. त्या हिरव्या छपराखाली बास सावलीला बसतात. छप्पर फोडायला तीस ते साठ ग्रॅमचं टंगस्टनचं वजन लावायचं, जाड वेणीदार दोरी घ्यायची, आणि मासा लागला की वाटाघाटी न करता त्याला गवतासकट वर ओढायचं. आणि एवढं करून तो सोडून द्यायचा! मत्स्याहारी मामाच्या चेहऱ्याकडे बघायचंसुद्धा नाही.

मला गंमत वाटते ती त्याच्या होडीची. तिच्या मागे अडीचशे अश्वशक्तीचं इंजिन आहे. ताशी शंभर किलोमीटरच्या वर ती जाते; टोपी धरावी की देवाचं नाव घ्यावं, कळत नाही. एका लव्हाळ्याच्या बेटापाशी काही लागेना, तेव्हा मी म्हटलं, “अरे, शेजारीच दुसरं बेट आहे, तिथे टाक.”

“मामा, तिथे नसतात,” म्हणून त्याने इंजिन सुरू केलं. पाणी उडवत, डोळे मिटत आम्ही डेल्टाच्या दुसऱ्या टोकाला पोहोचलो. तिथे हुबेहूब तसलंच लव्हाळं होतं. भाच्याने काठी उचलली आणि होडीपासून दोन हातांवर जिग सोडलं.