मॅग्माकाका

विरार पश्चिमेच्या प्रत्येक सोसायटीत एक भूकंपतज्ज्ञ राहतो. आमचा दुसऱ्या मजल्यावर. रेल्वेतून निवृत्त, हाफ पँट, चष्मा कपाळावर. नोव्हेंबर 2018 पासून डहाणू-तलासरीकडे जमीन हादरू लागली, धुंदलवाडीचं नाव पेपरात झळकलं आणि काकांच्या रिकाम्या दिवसांना उद्योग मिळाला. तिकडे माणसं भर थंडीत घराबाहेर झोपत होती, इकडे काका ग्रुपवर विचारत, “आत्ताचा कोणाला जाणवला?” कोणालाच जाणवलेला नसे.

मग काकांच्या हाती अंदमान लागलं. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेनं निकोबारजवळ समुद्रतळावर भूकंपमापक ठेवले होते. 21 आणि 22 मार्च 2014 ला तिथे धक्क्यांची माळच लागली.

“खडक तडकला की लहरी कशा कडक, झटपट येतात,” काका कोळणीच्या पाटीसमोर उभे राहून सांगत. “मॅग्मा सरकला की त्या मंद, रेंगाळत येतात.”

“काका, बोंबील घेताय का?” ती विचारी.

शास्त्रज्ञांनी त्या नोंदींवरून समुद्राखालच्या ज्वालामुखींच्या पोटात मॅग्मा हलल्याचा निष्कर्ष काढला. काकांनी त्यावरून विरारचा काढला. एका मध्यरात्री त्यांनी सगळ्यांच्या बेल वाजवल्या. “ऐका! मंद, सलग, थांबतच नाही! जीवदानीच्या डोंगराखाली मॅग्मा!”

सगळे धावत खाली. गेटात टँकर उभा होता आणि त्याचा पंप घरघरत आमची टाकी भरत होता.

“काका,” सेक्रेटरी जांभई देत म्हणाले, “आपल्याकडचा लाव्हा थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. पाणी आलंय, भरून घ्या.”

“म्हणजे द्रव हलला, हे तर खरं ना?” काका म्हणाले.

समुद्रतळावरचं यंत्र वजन बांधून खाली सोडतात. ते महिनोन्‌महिने अंधारात पडून नुसतं ऐकत असतं. जहाजावरून ध्वनीचा इशारा मिळाला की वजन सोडून वर येतं. मग नोंदींचा कीस पाडला जातो. 2014 च्या त्या धक्क्यांवरचा शोधनिबंध 2020 मध्ये छापून आला. काकांचा निबंध दोन मिनिटांत ग्रुपवर येतो. ऐकण्यात ते यंत्राला हार जाणार नाहीत. अडतं ते फक्त गप्प राहण्यापाशी.