विंडोजचे पैसे दुसऱ्यांदा कशाला?

लॅपटॉपची हार्ड डिस्क उडाली, दुकानात टाकला, दोन दिवसांनी बिल हातात आलं. एसएसडी, फिटिंग, आणि तिसऱ्या ओळीत विंडोज. पहिल्या दोन ओळींबद्दल माझी तक्रार नाही. विंडोज टाकायची मजुरीही रास्त आहे, कारागिराचा वेळ जातो. पण मजुरी सोडून वर ‘विंडोजचे’ म्हणून जे पैसे लावले जातात, ते कशाचे? लॅपटॉप विंडोजसकट घेतला असेल, तर ते पैसे खरेदीच्या दिवशीच भरून झालेले असतात.

‘डिस्क गेली, तिच्याबरोबर विंडोज गेलं, आता नवीन घ्यावं लागेल.’ काउंटरवर हे वाक्य इतक्या सहज फेकलं जातं की भलेभले शिकलेले लोक मुकाट्याने पाकीट उघडतात. वाक्य खोटं आहे. डिस्कबरोबर तुमचे फोटो जातात, हिशेबाच्या फायली जातात. परवाना जात नाही, कारण तो डिस्कवर नसतोच.

विंडोज 7 च्या काळात लॅपटॉपच्या पोटाखाली 25 अक्षरांची की छापलेला स्टिकर असायचा आणि तो घासून घासून पुसला जायचा. 2012 साली विंडोज 8 आलं, तेव्हापासून लॅपटॉप कंपन्या ही की थेट मदरबोर्डवरच्या चिपमध्ये लिहू लागल्या. विंडोज 10 पासून डिजिटल लायसन्सही आलं: तुमच्या यंत्राची ओळख मायक्रोसॉफ्टच्या सर्व्हरवर नोंदलेली असते आणि त्या ओळखीचा कणा म्हणजे मदरबोर्ड. डिस्क बदला, रॅम वाढवा, काही बिघडत नाही. मदरबोर्डच बदलला, तर प्रश्न येतो आणि तो खरा असतो. डॉस किंवा लिनक्स टाकून स्वस्तात मिळालेल्या लॅपटॉपला मुळात परवानाच नसतो, तिथे विकत घेणं आलंच. बाकीच्यांनी कशाला भरायचे?

काम साधं आहे. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल फुकट उतरवायचं, 8 जीबीच्या पेनड्राइव्हवर विंडोज घ्यायचं आणि नव्या डिस्कवर टाकायचं. चिपमधली की सेटअप आपणहून उचलतो. की मागितलीच, तर खाली ‘आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की’ असं लिहिलेलं असतं, ते दाबायचं. वायफाय जोडलं की बहुतेक वेळा अ‍ॅक्टिव्हेशन आपोआप होतं.

गाडं अडतं ते आवृत्तीवर. लॅपटॉपबरोबर आलेलं असतं विंडोज होम. दुकानातल्या पेनड्राइव्हवरून सरसकट सगळ्यांना प्रो टाकलं जातं. होमच्या परवान्यावर प्रो चालू होत नाही. मग कोपऱ्यात ‘अ‍ॅक्टिव्हेट विंडोज’ ही फिकट अक्षरं उमटतात, दुकानदार ती बोटाने दाखवतो आणि आपलं ‘टूल’ चालवतो. ते चालवण्याआधी अँटिव्हायरस बंद केला जातो, हे नीट पाहा. मोठ्या कार्यालयांत शेकडो संगणक अ‍ॅक्टिव्हेट करण्यासाठी केएमएस नावाचा सर्व्हर असतो. हे टूल तुमच्याच लॅपटॉपमध्ये त्याचं सोंग उभं करतं. केएमएसची मुदत 180 दिवसांची, म्हणून ते सोंग मागे चालू ठेवावं लागतं. ज्या यंत्रावर तुम्ही बँकेचा पासवर्ड टाकता, त्यावर कोणी लिहिलाय ते ठाऊक नसलेला प्रोग्राम कायमचा राहायला येतो, आणि त्याचे पैसेही तुम्हीच देता. याला मी सेवा म्हणणार नाही, ही फसवणूक आहे.

हल्ली आणखी एक कारण पुढे केलं जातं. विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून ‘11 विकत घ्या’. लॅपटॉप 11 च्या अटींत बसत असेल, तर 10 च्या डिजिटल लायसन्सवरच 11 अ‍ॅक्टिव्हेट होतं. बसत नसेल, तर ते एसएसडी विकण्याआधी सांगायला हवं, नंतर नव्हे.

कंपन्याही यात नामानिराळ्या नाहीत. ‘तुमचा परवाना मदरबोर्डमध्ये आहे, डिस्क बदलली तरी तो तुमचाच’ एवढी ओळ खोक्यावर मराठीत छापायला कितीसा खर्च येतो?

लॅपटॉप परत घेताना दुकानातच तपासा. विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, चौकटीत एसएलएमजीआर ही इंग्रजी अक्षरं, एक जागा, तिरकी रेघ आणि लगेच एक्सपीआर असं टाइप करा. यंत्र कायमचं अ‍ॅक्टिव्हेट झाल्याचा निरोप आला, तर ठीक. मुदत संपण्याची तारीख दिसली, तर घरच्या लॅपटॉपवर बहुधा टूलच चाललंय. आवृत्ती बदलून पुन्हा टाकायला लावा. आणि बिलात विंडोजची वेगळी किंमत लावली असेल, तर त्या परवान्याची की आणि पक्कं बिल मागा. दोन्ही मिळाल्याशिवाय त्या ओळीचे पैसे देऊ नका.