आधी वीस माणसं आणा, मग शिकवा

लहान उद्योगांना कामगार शिकवायला सरकार पैसे देत नाही, असा आरोप कोणी करत असेल तर तो साफ खोटा आहे. सरकार पैसे देतं. फक्त उद्योग फार लहान असून चालत नाही आणि शिकणारा आधीच कामावर असून चालत नाही. या दोन किरकोळ अटी पाळल्या की तिजोरी उघडीच आहे.

आमच्या भंडारा जिल्ह्याचंच घ्या. शहराचं नाव पितळी भांड्यांनी गाजवलं. मोहाडी-आंधळगावकडे कोशाचे माग, तुमसरला तांदळाचा बाजार, आणि कुठल्याही रस्त्याला लागा, राइस मिल दिसल्याशिवाय राहत नाही. कसबाची इथे कधी वानवा नव्हती. वानवा आहे ती कसबाच्या कागदाची. आणि शासनदरबारी पितळेच्या गुंडापेक्षा गुंडाच्या पावतीला मान जास्त.

समजा, भंडारा शहरात एक भांड्यांचा कारखाना आहे. कारखाना म्हणायचं ते पाटीवर. आत एक भट्टी, एक खराद, मालक, मालकाचा भाऊ, एक म्हातारा कारागीर आणि सातवीतून शाळा सोडलेला एक पोरगा. मूस भट्टीत बसली की म्हातारा बोलत नाही, नुसता ज्वाळेकडे बघतो. जस्त जळायला लागून पांढरा धूर सुटला की माल हातचा गेला, म्हणून धुराच्या आधीच त्याचा हात वर होतो आणि पोरगा सांडशी घेऊन धावतो. धूर कधी सुटणार हे त्याला कळतं कसं, ते त्यालाही सांगता येत नाही. साठी जवळ आली आहे, डोळ्यांत फूल पडतंय. तो घरी बसण्याआधी हाताखाली दोन पोरं तयार व्हावीत आणि शिकण्याच्या काळात त्यांच्या पगाराला थोडा टेकू मिळावा, एवढंच मालकाचं मागणं. एके दिवशी धुतलेला सदरा घालून मालक अनुदान शोधायला निघाला.

पहिली खिडकी मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेची. २०२४ च्या अर्थसंकल्पात आलेली, लोकांनी ‘लाडका भाऊ’ म्हणून बारसं केलेली. बारावी झालेल्याला महिना सहा हजार, आयटीआय किंवा पदविकावाल्याला आठ, पदवीवाल्याला दहा. पैसे थेट त्याच्या खात्यात. मालक खूश झाला.

“पोरगा बारावी आहे ना जी?”

“सातवी. पण भट्टीवर एक नंबर आहे.”

“भट्टीचा रकाना नाही जी यात. बरं, भविष्यनिर्वाह निधीची नोंदणी?”

“तो कायदा वीस माणसांपासून लागतो म्हणतात. आमच्याकडे दोन आहेत, भाऊ धरला तर तीन.”

“मग वीस करा ना बाप्पा! कोणी अडवलं?”

दुसरी खिडकी शिकाऊ उमेदवारीची. कायदा १९६१ चा, त्याला प्रोत्साहन देणारी केंद्राची योजना २०१६ ची. विद्यावेतनाचा चौथा हिस्सा सरकार उचलतं, महिन्याला जास्तीत जास्त दीड हजार. तीस किंवा जास्त माणसं असतील तर शिकाऊ घ्यावेच लागतात, चार ते एकोणतीस असतील तर मर्जी आपली. चाराच्या खाली असाल तर कायद्याला तुम्ही दिसतच नाही. आमचा कारखाना मालक धरून चौघांचा, न धरता तिघांचा. मालकाला कामगार म्हणून मोजा, अशी विनंती करून पाहिली. साहेब म्हणाले, “मग मालक कोण?” प्रश्न बिनतोड होता.

तिसरी खिडकी पीएम विश्वकर्माची. इथे तरी आपलं घोडं गंगेत न्हाणार, अशी मालकाची खात्री होती, कारण नावातच विश्वकर्मा. १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झालेली ही योजना १८ व्यवसायांची. प्रशिक्षणाच्या दिवसांचे रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांचं व्हाउचर, पाच टक्क्यांनी कर्ज. यादीत नाव बांधणारा आहे, शस्त्रं घडवणारा आहे, बाहुल्या बनवणारा आहे, हार गुंफणारा आहे. तांबट किंवा कासार म्हणून वेगळी ओळ नाही. पितळेचं गाव म्हणून मिरवणाऱ्या भंडाऱ्याने लोहारांच्या रांगेत उभं राहून बघायचं, तिथे बसलो तर बसलो.

गंमत पुढे आहे. ही योजना स्वतःचा धंदा करणाऱ्या कारागिराची. नवरा, बायको आणि अविवाहित मुलं मिळून एका कुटुंबातून एकच अर्ज. म्हणजे ज्याला भांडं घडवता येतं तो मालक पाच-सात दिवस रोजचे ५०० घेऊन भांडं घडवायला शिकणार. ज्याला खरंच शिकायचं आहे तो पोरगा मालकाच्या पगारावर आहे, सबब अपात्र. तो दुकान सांभाळेल.

म्हाताऱ्यालाही सरकार विसरलेलं नाही. त्याच्यासाठी पूर्वज्ञानाची मान्यता आहे. जे येतं ते येतं, असं लिहून देणारी परीक्षा. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात ही परीक्षा पास होणाऱ्याला ५०० रुपयेही मिळत होते. जन्मभर भट्टीपुढे बसलेल्या माणसाला शेवटी कागदोपत्री भट्टी पेटवता येऊ लागली. दोन पोरं तयार केलीस तर तुला मानधन देऊ, असं मात्र त्याला कोणी विचारलं नाही. पोरांना तयार करणं हे पूर्वज्ञान नाही, भविष्यज्ञान आहे. ते बहुधा दुसऱ्या खात्याकडे असावं.

अटी इतक्या कडक का, तर गैरप्रकार होऊ नयेत म्हणून. तीन माणसांच्या दुकानाला पैसे दिले तर ते चौथं माणूस कागदावर उभं करील, अशी साहेबांची रास्त भीती. मोठ्या संस्थांवर मात्र आपला विश्वास. तो विश्वास कसा फळाला आला हे डिसेंबर २०२५ मध्ये नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालाने सांगितलं. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेच्या तपासलेल्या ९५ लाखांहून जास्त नोंदींपैकी ९४.५३ टक्क्यांत बँक खात्याच्या जागी शून्य, ‘लागू नाही’ किंवा नुसता कोरा रकाना. काही ठिकाणी खातेक्रमांक म्हणून एकावर एक असे अकरा एक्के. एकच फोटो अनेक लाभार्थ्यांना पुरवून वापरलेला. काटकसर म्हणतात ती हीच. आमच्या कारखान्याकडे अकरा माणसं नाहीत, पण सातवीतून शाळा सोडलेल्या पोराचं जनधन खातं खरं आहे.

बरं, ‘लाडक्या भावां’चं तरी भलं झालं का? ही पोरं उद्योगांबरोबर सरकारी कार्यालयांतही गेली. मुदत होती सहा महिन्यांची, पुढे ती वाढवून ११ महिने केली. त्यात पोरांचा काही दोष नाही, ती मन लावून काम करायला आली होती. पण अकरा महिने आवक-जावक नोंदवही भरून आणि कागद स्कॅन करून जे कसब हाती लागतं त्याला भट्टीवरच काय, कार्यालयाबाहेर कुठेही गिऱ्हाईक नाही. मुदत संपल्यावर पोरांनी आम्हाला इथेच कायम करा म्हणून आंदोलनं केली. प्रशिक्षणाचा एवढा परिणाम तर झालाच, की सरकारी नोकरीची गोडी लागली.

तोवर राइस मिलीत काय चाललंय? तांदूळ रंगावरून निवडणारं सॉर्टेक्स यंत्र लाखोंचं कर्ज काढून आणलेलं. त्याची संवेदना थोडी जास्त ठेवली की चांगला दाणा बाद मालात उडतो, थोडी कमी ठेवली की काळा दाणा पोत्यात जातो आणि गोदामावर लॉट नापास होतो. धानाचा वाण बदलला, ओल बदलली की यंत्र पुन्हा जुळवावं लागतं. ते चालवणारा माणूस काल हमाली करत होता. त्याला शिकवलं कोणी? यंत्र बसवायला आलेल्या मेकॅनिकने, चहा येईपर्यंत. पुढे काही बिघडलं की फोन लावायचा आणि मेकॅनिक येईपर्यंत गाळा बंद ठेवायचा. या माणसाला पंधरा दिवस नीट शिकवायला जो खर्च येईल तो एक लॉट नापास होण्यापासून वाचला तरी निघतो. पण तो बेरोजगार नाही. त्याने आधी नोकरी सोडावी, बारावी व्हावं, पोर्टलवर यावं, मग बघू.

म्हणून एक साधी सूचना. जिल्ह्याच्या कौशल्य समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारीच असतात, तेव्हा फार लांब जायला नको. एका गल्लीतले दहा भांडेवाले, एका तालुक्यातल्या पाच मिली किंवा आंधळगावचे वीस मागवाले मिळून एक आस्थापना धरा. कामावर असलेल्यालाही शिकणारा माना. बारावीची अट भट्टीला लावू नका. शिकवणाऱ्या म्हाताऱ्याला मानधन द्या, आणि सहा महिन्यांनी प्रमाणपत्रं न मोजता पोराने स्वतः उतरवलेला माल मोजा. नियम बदलायला मुंबई-दिल्लीला जावं लागतं हे ठाऊक आहे. तिकडे जाणारा प्रस्ताव तरी भंडाऱ्यातून निघू द्या. आणि साहेब, जरा घाई करा. योजनेला मुदतवाढ मिळते, म्हाताऱ्याच्या डोळ्यांना मिळत नाही.