रिकिबीत पाय घालण्यापूर्वी : माथेरानच्या होतकरू घोडेस्वारांसाठी

दिवसभर घोड्यावरून जंगल हिंडायचं असेल तर मुंबई-पुणेकराला माथेरानसारखी जागा नाही. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात. पुढे तांबड्या मातीच्या वाटा, गर्द झाडी आणि तीसहून अधिक पॉइंट. 1850 साली ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट हा डोंगर चढून आले, तेव्हा त्यांच्या हाती कोणतीही मार्गदर्शिका नव्हती. तुमच्या हाती निदान हा लेख आहे.

सुरुवात वजनकाट्यापासून करावी. घोड्याच्या पाठीवर त्याच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भार नको, असा जाणकारांचा ढोबळ नियम आहे. म्हणजे तट्टू तीनशे किलोंचं असेल तर साठ किलो, आणि त्यात खोगीरही आलं. हा हिशेब आदल्या रात्री घरीच उरकावा. त्यामुळे पायी कोणी यायचं हे वाद न होता ठरतं. (वाद होतोच, पण दस्तुरी नाक्यावर चारचौघांत होत नाही.)

पांढरे कपडे घालू नयेत. इथला दगड जांभा. उन्हाळ्यात त्याची धूळ, पावसाळ्यात त्याचाच चिखल, आणि दोन्ही साबणाला दाद देत नाहीत. जीन्सची आतली शिवण तासाभराने आपलं अस्तित्व जाणवून देते, म्हणून सैल आणि जाड पँट बरी. बुटाला थोडी टाच हवी, म्हणजे पाय रिकिबीतून आरपार जात नाही. पाय रिकिबीत अडकून माणूस खाली लटकला, तर पुढचं मार्गदर्शन घोडा करतो. हेल्मेट मागून घ्यावं. फोटोत केस दिसत नाहीत, पण डोकं शाबूत दिसतं.

पावसाळ्यात नेरळहून वर येणारी छोटी गाडी बंद असते, अमन लॉजपासूनची शटल मात्र चालते. धुक्यात घोडेवाला लुईझा पॉइंटवर हात करून सांगतो, ‘समोर प्रबळगड!’ आणि सगळी मंडळी पांढऱ्या भिंतीकडे बघून माना डोलावतात. तुम्हीही डोलवावी.

आता दिवसाचं नियोजन. कागद घ्यावा. पहाटे पॅनोरमा पॉइंटवर सूर्योदय, दुपारी शार्लोट तलावाकाठी डबा, संध्याकाळी पॉर्क्युपाइन पॉइंटवर सूर्यास्त, असं सुवाच्य अक्षरात लिहावं. ते घोडेवाल्याला वाचून दाखवावं. तो शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतो आणि विचारतो, ‘पाच पॉइंट का बारा?’ कागद खिशात ठेवावा. दरांचा फलक आधी वाचावा. पाठीवर बसल्यावर घासाघीस करणाऱ्याची बाजू लंगडी पडते.

घोडा निवडताना ‘एकदम गरीब आहे’ या शिफारशीवर विसंबू नये, कारण तिथे श्रीमंत घोडा कोणीच ठेवत नाही. कान बघावेत. मागे चपटे पडले असतील तर लांबूनच नमस्कार करून दुसऱ्याकडे वळावं. मागचा एक पाय सैल सोडून उभा असेल तर घाबरू नये, तो विश्रांती घेतोय. घोड्याला जवळपास चहूकडचं दिसतं, पण शेपटीमागचा पट्टा दिसत नाही. तिथून अचानक येणाऱ्याचं स्वागत तो लाथेनं करतो. आणि एक गोष्ट थट्टेवारी न नेता करावी: खोगीर उचलून पाठ बघायला सांगावी. जखम असेल तर तो घोडा घेऊ नये, कितीही स्वस्त पडत असला तरी.

काही घोडे तंग आवळताना पोट फुगवून उभे राहतात आणि मग निवांत श्वास सोडतात. तंग ढिला, स्वार तिरका. चार पावलं चालून झाली की तो पुन्हा आवळून घ्यावा.

चढायचं डावीकडून. तलवार डाव्या कमरेला लटकायची, तेव्हापासूनची ही रीत असल्याचं सांगतात. तुमच्या कमरेला पाऊच असेल, तरी रीत मोडू नये. डावा पाय रिकिबीत, एक उडी, उजवा पाय पलीकडे. पहिल्या प्रयत्नात तुम्ही खोगिरावर पालथे पडता. ‘काका, टाच खाली, पाठ ताठ,’ अशी सूचना येते. त्या क्षणी आपली पाठ नेमकी कुठे आहे, हे काकांना ठाऊक नसतं.

चालता घोडा सुखाचा. चढावर पुढे झुकावं, उतारावर मागे रेलावं, एवढं पुरतं. कसोटी लागते ती दुडक्या चालीत. या चालीला दोन ठोके असतात: एका ठोक्याला खोगिरातून किंचित उठायचं, दुसऱ्याला बसायचं. नवशिक्या नेमका उलटा ताल धरतो. तो खाली येत असतो तेव्हा खोगीर वर येत असतं, आणि दोघांची गाठ अर्ध्या वाटेत पडते. दात घट्ट मिटावेत, जीभ वाचते.

गुळगुळीत पेव्हर ब्लॉकवरून दुडकी धरू नये. लोखंडी नाल त्यावर घसरते. या ब्लॉकचा वाद थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. तुम्ही त्यात आणखी एक पुरावा घालायची गरज नाही.

लगाम हातात असतो, तो मुख्यतः फोटोसाठी. कुठे वळायचं, कुठल्या टपरीपाशी थांबायचं, कुठल्या पॉइंटवर किती मिनिटं उभं राहायचं, हे घोड्याने तुमच्या आधीच्या शेकडो गिऱ्हाइकांवर घोटून ठेवलंय. टपरी आली की तो आपसूक थांबतो. टाच मारून बघावी, जीभ टाळूला लावून आवाज काढावा, नावानं हाक मारावी. मग उतरून चहा घ्यावा. पैसे तुम्हीच द्यायचे, घोडेवाल्याच्या चहाचेही.

परतीला नेरळहून मुंबईची लोकल पकडावी. डब्यात जागा असली तरी उभं राहणंच सोयीचं पडतं, आणि एखाद्या आजींना बसायला जागा देता येते. त्या तुमच्या संस्कारांचं तोंडभरून कौतुक करतील. करू द्यावं.