धाकट्या जाऊबाईंस उघडं पत्र

चि. सौ. झिरो हिस,

अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र उघडंच धाडते आहे. आपल्या घरातल्या कुरबुरी आता लोकांच्या फ्रिजात चालतात, तेव्हा त्यांनाही त्या कळलेल्या बऱ्या.

फ्रिजच्या दारातली माझी जागा तुला मिळाली, याबद्दल माझी तक्रार नाही. मी पडले साखरेची कोला; माझ्या पाव लिटरच्या बाटलीत साधारण 26 ग्रॅम साखर असते. तक्रार करू तरी कुठल्या तोंडानं? जागतिक आरोग्य संघटनेनं 2015 साली सांगून ठेवलंय की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण कॅलरींच्या 10 टक्क्यांच्या आत ठेवा आणि जमलं तर 5 टक्क्यांवर आणा. मोठ्या माणसाच्या बाबतीत हे 5 टक्के म्हणजे सुमारे 25 ग्रॅम. माझी एक बाटली घशाखाली गेली की दिवसाचा शिधा संपला, आणि दुपारचा चहा अजून व्हायचाच असतो. मला काढलं ते बरोबर केलं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी तर फार आधी काढायला हवं होतं.

पण बाई, तुझं हे सोवळं मला बघवत नाही. काळी साडी नेसून, अंगावर शून्य मिरवत तू अशी उभी राहतेस, जणू एकादशीचं तीर्थच. म्हणून तुझं कूळ एकदा चारचौघांत काढते.

साखरेविना तुला गोड करणारं सगळं घराणं हात न धुणाऱ्या केमिस्टांनी जन्माला घातलंय. 1879 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फाल्बर्ग नावाचा गृहस्थ दिवसभर डांबरातून निघालेल्या रसायनांशी खेळून तसाच जेवायला बसला. पाव गोड लागला, आणि सॅकरिन सापडलं. 1937 साली इलिनॉयमध्ये स्वेडा नावाच्या विद्यार्थ्यानं प्रयोगाच्या टेबलावर ठेवलेली सिगारेट परत तोंडात घातली, ती गोड लागली. ते सायक्लामेट. 1965 साली श्लाटर अल्सरचं औषध शोधत होता. कागद उचलायला त्यानं बोट चाटलं आणि अ‍ॅस्पार्टेम हाती लागलं. दोनच वर्षांनी जर्मनीत क्लाउसनंही कागदासाठी बोट चाटलं, ते अ‍ॅसेसल्फेम. आमच्याकडे जेवणाआधी हात न धुतलेल्या पोराला धपाटा मिळायचा. तिकडे पेटंट मिळतं.

यातल्या पाचव्या गोष्टीत मात्र आपलं आडनाव आहे. 1976 साली लंडनच्या एका प्रयोगशाळेत शशिकांत फडणीस काम करत होते. साहेब म्हणाले, हा पदार्थ ‘टेस्ट’ कर. फडणीसांना ऐकू आलं ‘टेस्ट’च, पण चवीतलं. त्यांनी जिभेवर ठेवून पाहिला. तो निघाला सुक्रालोज, साखरेच्या 600 पट गोड. तू लगेच छाती फुगवू नकोस. सुक्रालोज बनतं साखरेच्याच रेणूतून. त्यातले तीन हायड्रॉक्सिल गट काढायचे आणि तिथं क्लोरीन बसवायचं. त्या संशोधनात भागीदार होती टेट अँड लाइल, म्हणजे ब्रिटनमधली साखर कंपनी. थोडक्यात, तुझं माहेर ते माझंच माहेर.

आणि तू काही मोठी नवलाईची नव्हेस. तुझ्या घराण्यातली टॅब नावाची बिनसाखरेची कोला 1963 मध्येच अमेरिकेत आली होती. सायक्लामेटवर 1969 साली तिथं बंदी आली, तरी ती सॅकरिनच्या आधारानं 2020 पर्यंत तग धरून राहिली. आपल्याकडेही शाळेच्या फाटकाबाहेर प्लास्टिकच्या नळीत गोठवलेली रंगीत पेप्सी मिळायची. ‘त्यात सॅकरिन असतं, घसा बसेल’ म्हणून आया ती हातातून हिसकावून घ्यायच्या. तीच पोरं आता चाळिशी ओलांडून, पोटाला हात लावत, तुला पैसे मोजून घेतात.

कॅन्सरवरून तुला बोल लावतात, तो मात्र मला अन्याय वाटतो. जुलै 2023 मध्ये एका तज्ज्ञ समितीनं अ‍ॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या यादीत टाकलं आणि घरोघरच्या व्हॉट्सअ‍ॅपवर गहजब झाला. त्या यादीत कोरफडीच्या अख्ख्या पानाचा अर्कही आहे, हे कोणी पुढे पाठवलं नाही, कारण पाठवणारे रोज सकाळी अनशापोटी कोरफडीचा रस घेतात. त्याच सुमारास दुसऱ्या तज्ज्ञ समितीनं अ‍ॅस्पार्टेमची जुनीच मर्यादा कायम ठेवली, दर किलो वजनामागे दिवसाला 40 मिलिग्रॅम. सत्तर किलोच्या माणसानं ती ओलांडायची तर दिवसात नऊ ते चौदा कॅन रिचवावे लागतील. इतके रिचवणाऱ्याला दुसरेही आजार असणार. दातांचं म्हणशील तर आम्ल तुझ्यातही आहे आणि माझ्यातही, तेव्हा दातांच्या डॉक्टरांपुढे आपण दोघीही गुन्हेगार.

माझं खरं दुखणं वेगळंच आहे. तू आलीस आणि लोकांना हिशेब मांडायची खोड लागली. पाव लिटरमागे मी शंभरेक कॅलरी आणते, तू आणत नाहीस. ही शंभराची बचत पदरात पडली की माणूस लगेच तीनशेची खरेदी करतो. हॉटेलात बघ जरा. डबल लोणी मारलेली पावभाजी, तिच्यावर जादा चीज, नंतर मस्तानी, आणि वेटरला दरडावून सांगतात, ‘कोल्ड्रिंक झिरोच आण हं, आम्ही साखर सोडलीय!’ लग्नाच्या पंगतीत बासुंदीची दुसरी वाटी तुझ्या साक्षीनं रिचवली जाते. मी होते तेव्हा निदान मनाला टोचायचं तरी. तू ती टोचणीच काढून घेतलीस.

मे 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलं की वजन आटोक्यात ठेवायला या गोडव्यांवर विसंबू नका. मधुमेह असलेल्यांना या सल्ल्यातून वगळलंय. मला सोडून तुला धरलं तर थोड्या मुदतीच्या प्रयोगांत वजन जरा उतरतं, हेही त्यांनी मान्य केलंय. पण वर्षानुवर्षांचा फायदा त्यांना दिसला नाही. जिभेला तेवढंच गोड लागत राहिलं, तर ती दुसरीकडे कमी मागेल कशी?

सासूबाईंना, म्हणजे कंपनीला, या सगळ्याचं सोयरसुतक नाही. दोघींच्या कमाईचा गल्ला एकच. सरकारलाही आपल्यात फरक दिसत नाही. 22 सप्टेंबर 2025 पासून आपल्या दोघींवर सरसकट 40 टक्के जीएसटी आहे. त्याआधी 28 टक्के आणि वर 12 टक्के उपकर होता, म्हणजे बेरीज तीच. ब्रिटनमध्ये 2018 पासून साखरेच्या प्रमाणावर कर बसतो. शंभर मिलिलिटरमध्ये 5 ग्रॅमच्या आत साखर असली की तो लागतच नाही. तिथल्या बऱ्याच कंपन्यांनी निमूटपणे साखर कमी केली. आपल्याकडे साखर घाला नाहीतर घालू नका, टक्के तेवढेच. प्रवरानगरला 1950 साली सहकारी कारखाना उभा राहिल्यापासून ज्या राज्याचं राजकारण उसावर पोसलं, तिथून साखरेवर कर लावायची मागणी होईल, अशी आशा मी तरी धरत नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत व्यासपीठावर तुझे कॅन मांडलेले दिसले, तर त्याचंही नवल वाटायला नको.

आता कोणी म्हणेल, दोघींनाही हाकला, कोकम सरबत प्या. खुशाल प्या. फक्त दुकानातल्या सिरपची बाटली फिरवून घटक वाचा. ज्याचं वजन जास्त त्याचं नाव आधी छापायचा नियम आहे, आणि तिथं बहुधा साखरच वर बसलेली असते. पन्ह्यात गूळ आहे म्हणून ते औषध होत नाही. ताकाला मी नावं ठेवणार नाही. लिंबू पिळून चिमूटभर मीठ घातलेल्या साध्या सोड्यालाही नाही. चव न घातलेल्या, गोड न केलेल्या सोड्यावर जीएसटी फक्त 5 टक्के आहे. एवढं एकच शहाणपण त्या कायद्यात आहे.

तेव्हा बाई, माझ्या जागी आली आहेस तर तेवढ्याच जागेत राहा. पाण्याची जागा घेऊ नकोस.

कळावे, लोभ असावा.

तुझी थोरली जाऊ,
भरसाखर

ता. क. वाढदिवसाच्या पार्टीत ‘हिच्यात साखर नाही, हिला चालेल’ म्हणत पोरांच्या हाती तुला देणाऱ्या आईबापांनी एकदा कॅन फिरवून बघावा. मागच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं: लहान मुलांसाठी शिफारस नाही.